जीवसांख्यिकीचे पदव्युत्तर शिक्षण व प्रवेश : महाराष्ट्रातील इतिहास

सजीवांविषयीच्या निरीक्षणांना सांख्यिकीय पद्धती लावून त्यांतून निष्कर्ष काढणाऱ्या शास्त्राला जीवसांख्यिकी असे म्हणतात. व्यापक अर्थाने तीत मानवमिती, आनुवंशिकी, शेतीतील प्रयोग व पिकांच्या पाहण्या, पोषण, साथरोगविज्ञान आणि औषधांच्या चाचण्या या सर्वांचा समावेश होतो. संकुचित अर्थाने वैद्यक व सार्वजनिक आरोग्य यांपुरतीच ती मर्यादित मानली जाते. पहिला अर्थ जुना असून दुसरा दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. प्रस्तुत नोंदीत या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाची वाढ, त्या शिक्षणात प्रवेश मिळविण्याच्या पद्धती आणि मराठी विद्यार्थ्यांची त्या दिशेने झालेली वाटचाल यांचा परामर्श घेतला आहे. [⟶ सांख्यिकी].

या इतिहासात आरंभापासून दोन प्रवेशद्वारे दिसून येतात. एक गणिताचे, तर दुसरे वैद्यकाचे. गणित वा सांख्यिकी या विषयातील पदवीधर पहिल्या द्वाराने सांख्यिकीच्या विभागात येतो व पुढे जीवशास्त्रीय प्रश्नांकडे वळतो. वैद्यकाचा पदवीधर दुसऱ्या द्वाराने सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयात येतो व तेथे जीवसांख्यिकी हा आवश्यक विषय म्हणून शिकतो. दोन्हींच्या अटी, खर्च व फलिते वेगवेगळी असल्यामुळे कोणत्या प्रदेशातील व कोणत्या परिस्थितीतील विद्यार्थी या शास्त्रापर्यंत पोहोचला, हे पुष्कळ अंशी या द्वारांच्या स्वरूपावरून ठरले.

उगम : फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांच्या आनुवंशिकतेविषयीच्या संशोधनातून या शास्त्राची मुहूर्तमेढ रोवली गेली. गॉल्टन, कार्ल पीअर्सन (१८५७–१९३६) व प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १९०१ मध्ये बायोमेट्रिका हे नियतकालिक सुरू केले. १९११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीअर्सन यांच्या प्रमुखत्वाखाली उपयोजित सांख्यिकीचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. विद्यापीठीय पातळीवर या विषयाचे पद्धतशीर शिक्षण देणारा हा पहिला विभाग होय. रॉनल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) यांनी १९१९ पासून रॉथॅम्‌स्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात काम करताना प्रयोगांच्या अभिकल्पाचे शास्त्र उभारले. त्यांचा संशोधकांसाठी लिहिलेला सांख्यिकीय पद्धतींवरील ग्रंथ १९२५ मध्ये, तर प्रयोगांच्या अभिकल्पावरील ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरे प्रवेशद्वार प्रथम अमेरिकेत उघडले. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विद्यालयात १९१८ मध्ये रेमंड पर्ल यांच्याकडे जीवमिती व जन्ममृत्युसांख्यिकी या विभागाची सूत्रे देण्यात आली. लंडनच्या आरोग्यविज्ञान व उष्ण कटिबंधीय वैद्यक विद्यालयात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी वैद्यकीय सांख्यिकीचे अध्यापन केले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३७ मध्ये निघाला. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनाच्या परिणामकारकतेची यादृच्छिक पद्धतीने घेतलेली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून औषधांच्या मूल्यमापनात सांख्यिकीतज्ज्ञाचे स्थान अपरिहार्य ठरले.

भारतातील आरंभ : भारतातही या शास्त्राचा प्रारंभ मानवमितीतून झाला. प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनांवर आपला पहिला सांख्यिकीय निबंध लिहिला. त्यांच्या प्रयत्नाने १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकीय संस्था स्थापन झाली व १९३३ मध्ये सांख्य हे नियतकालिक निघू लागले. १९३२ अखेर कलकत्त्यासच रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. अशा रीतीने वर उल्लेखिलेली दोन्ही द्वारे एकाच शहरात, दोन वर्षांच्या आत उघडली. कलकत्ता विद्यापीठाने १९४१ मध्ये सांख्यिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९५९ च्या अधिनियमाने भारतीय सांख्यिकीय संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा व पदव्या देण्याचा अधिकार मिळाला.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाचा सांख्यिकी विभाग १९४८ मध्ये व पुणे विद्यापीठाचा १९५३ मध्ये स्थापन झाला. पुण्याच्या विभागाचे संस्थापक-प्रमुख वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–९१) हे मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिज विद्यापीठात हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच्. डी. मिळविली होती. त्यांचे स्वतःचे संशोधन गणितीय सांख्यिकीतील असले, तरी त्यांच्या विभागाने सांख्यिकीचे पदव्युत्तर शिक्षण महाराष्ट्राच्या आतच उपलब्ध करून दिले, ही गोष्ट जीवसांख्यिकीच्या दृष्टीनेही महत्त्वाची होय. मुंबईत १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे व सर दोराबजी टाटा न्यास यांच्या सहकार्याने जनांकिकीय प्रशिक्षण व संशोधन केंद्र निघाले. पुढे त्याचेच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत रूपांतर होऊन १९८५ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. [⟶ जनांकिकी].

परदेशगमन व अर्जाची जुनी पद्धत : दुसऱ्या महायुद्धापूर्वी परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळविणे हे मुख्यतः ओळख, शिफारस व पैसा यांवर अवलंबून असे. प्रवेशपरीक्षा नसे. विद्यार्थी आपल्या प्राध्यापकाचे पत्र व गुणपत्रिका जोडून टपालाने अर्ज करी. लंडनमधील भारताच्या उच्चायुक्तांचा शिक्षण विभागही विद्यार्थी व विद्यापीठे यांमधील दुवा म्हणून काम पाही. खऱ्या अडचणी दोन होत्या : परदेशी प्राध्यापकाला माहीत असेल अशा महाविद्यालयात शिक्षण झालेले असणे आणि प्रवासासह दोन-तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद करणे. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जे. एन्. टाटा निधीची कर्जाऊ शिष्यवृत्ती, संस्थानिकांचा आश्रय आणि कुटुंबाची बचत हे खर्चाचे प्रमुख मार्ग होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट त्यांना मान्य करावी लागली होती. त्या काळातील आश्रयाचे स्वरूप या उदाहरणावरून लक्षात येते.

जीवसांख्यिकीच्या क्षेत्रात या मार्गाने गेलेले सर्वांत ख्यातनाम मराठी विद्यार्थी म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) हे होत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवी मिळविल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. पीअर्सन यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या विभागाचे नुकतेच विभाजन झाले होते. आनुवंशिकतेची बाजू फिशर यांच्याकडे व सांख्यिकीची बाजू एगॉन पीअर्सन यांच्याकडे गेली होती. पुढे येर्झी नेमनही तेथे आले. परस्परांशी तीव्र मतभेद असलेल्या या तीन आचार्यांच्या सान्निध्यात सुखात्मे यांचे शिक्षण झाले. १९३६ मध्ये त्यांना पीएच्. डी. व १९३९ मध्ये डी. एस्‌सी. या पदव्या मिळाल्या. भारतात परतल्यावर काही काळ त्यांनी कलकत्त्याच्या आरोग्यविज्ञान संस्थेत काम केले आणि १९४० मध्ये ते दिल्लीस कृषिसंशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेत गेले. १९५१ ते १९७० या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

सुखात्मे यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत कापसाच्या आनुवंशिकीवर काम केले होते. या दोघांनी मिळून कृषिसंशोधकांसाठी लिहिलेला सांख्यिकीय पद्धतींवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला व तो भारतातील कृषिविद्यापीठांत अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. दिल्लीच्या ज्या शाखेत हे दोघे होते, तिचेच पुढे भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत रूपांतर झाले आणि १९६४ पासून तेथे पदव्युत्तर शिक्षण दिले जाऊ लागले. परदेशी जाऊन शिकून आलेल्या पिढीने पुढील पिढीसाठी देशात प्रवेशद्वार निर्माण केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

शास्त्राचा लोकजीवनाशी संबंध : या शिक्षणात कोण शिरतो हा प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या उत्कर्षापुरता नाही, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजाचे. ब्रिटिश अमदानीत पिकाची आणेवारी महसुली कर्मचारी नजरेने ठरवीत व तीवर शेतसाऱ्यातील सूट अवलंबून असे. सुखात्मे यांनी गावे, शेते व शेतातील तुकडा ही सर्व यादृच्छिक पद्धतीने निवडून तेवढ्या तुकड्यातील पीक प्रत्यक्ष कापून, मळून व वजन करून सरासरी काढण्याची पद्धत देशभर रुजविली. तुकडा किती मोठा असावा याविषयी त्यांचा व महालनोबीस यांचा वाद झाला. फार लहान तुकडा घेतल्यास सीमेवरील रोपे आत धरली जाऊन उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते, असे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. महाराष्ट्रात आजही पीक कापणी प्रयोग या नावाने ही पद्धत चालू असून महसूल मंडळ हा तिचा एक महत्त्वाचा घटक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत मंडळातील अशा थोड्या प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरली, तर त्या मंडळातील विमाधारक शेतकरी भरपाईस पात्र ठरतो. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी हे असेच एक मंडळाचे गाव. सोयाबीन, तूर व रब्बी ज्वारी यांवर जगणाऱ्या आणि पर्जन्यछायेत मोडणाऱ्या या टापूत कोणत्या शेतातील कोणता तुकडा कापला गेला, तो कसा निवडला आणि वजन कसे नोंदविले, यांवर शेकडो कुटुंबांची वर्षअखेर ठरते.

दुसरे उदाहरण दारिद्र्यमापनाचे. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याविषयीचा आपला प्रसिद्ध अभ्यास पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतून पुढे आणला. दररोज माणशी २,२५० कॅलरी मिळू शकतील एवढा खर्च ही त्यांची कसोटी होती. तीनुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात होते. निवृत्तीनंतर पुण्यास परतलेल्या सुखात्मे यांनी या कसोटीवर जीवसांख्यिकीय आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज स्थिर नसून ती काळानुसार कमीजास्त होत असते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस उपाशी आहे असे मानणे चूक असून मध्यापासून दोन प्रमाण विचलनांनी खालची पातळी ही सीमा धरावी, असे त्यांचे म्हणणे होते. या हिशेबाने उपाशी लोकांचे प्रमाण पुष्कळ खाली येत होते. अन्नाइतकाच शुद्ध पाण्याचा व स्वच्छतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, या मतावरही त्यांनी भर दिला. १९८० नंतरच्या दशकात दांडेकर व सुखात्मे यांच्यामध्ये झालेला हा वाद विशेष गाजला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही सुखात्मे यांच्या गृहीतकास विरोध केला. कमी आहाराशी शरीराने जुळवून घेणे म्हणजे आरोग्य नव्हे, असा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. तथापि एका प्रमाण विचलनाची निवड कोट्यवधी माणसांना दरिद्री ठरविते वा त्या गणनेतून वगळते, ही गोष्ट त्याने सर्वांच्या ध्यानात आणून दिली.

मराठवाड्याची वाट : वरील वाद पुण्यात झाला आणि त्यातील पक्षकार पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून पुढे आलेले होते, हा योगायोग नव्हे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. बेंबळी ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तो याच संस्थानाचा भाग. २०२३ मध्ये या जिल्ह्याचे नाव धाराशिव असे करण्यात आले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला गणिताची पदवी घ्यावयाची, तर एकतर हैदराबादेस जाऊन उर्दूतून शिकावे लागे, नाहीतर संस्थानाची हद्द ओलांडून पुणे वा सोलापूरच्या बाजूस जावे लागे. घरची भाषा मराठी, विद्यापीठाची उर्दू आणि परदेशी पदव्युत्तर शिक्षणाची इंग्रजी, असे तीन टप्पे पार करणे फार थोड्यांना शक्य होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर परिस्थिती पालटू लागली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. १९७२ मध्ये परभणीस कृषिविद्यापीठ आले व त्यामुळे कृषी सांख्यिकीचे शिक्षण मराठवाड्यातच मिळू लागले. अंबेजोगाईस ग्रामीण भागासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८६ मध्ये तुळजापुरास ग्रामीण परिसर सुरू केला. अशा रीतीने पदवीपर्यंतची वाट जवळ आली. परंतु जीवसांख्यिकीचे खास पदव्युत्तर शिक्षण मात्र मुंबई, दिल्ली, कलकत्ता, वेल्लोर अशा दूरच्या ठिकाणीच राहिले. पदवीला सांख्यिकी हा विषय असलेली महाविद्यालये लहान गावांत विरळ असतात. जीवशास्त्राची आवड असलेला विद्यार्थी बारावीनंतर, किंवा त्याआधीच, गणित सोडतो. आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी हेच सोडलेले गणित त्याच्या आड येते. प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या पाच वर्षे आधीच प्रवेशाचा निकाल लागलेला असतो, असे या बाबतीत म्हणता येईल.

वैद्यकाचे द्वार : दुसऱ्या प्रवेशद्वारातून गेलेल्या डॉक्टरांनी ग्रामीण महाराष्ट्रात या शास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग करून दाखविला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परत आले. धाराशिव जिल्ह्याच्या शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे त्यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून आरोग्याचे काम करून घेणे हे त्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीही १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली व १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात सर्च ही संस्था स्थापन केली. १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रयोगक्षेत्रात नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत मात्र तो जवळजवळ जैसे थे राहिला. १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या आरोग्यधोरणाने ही पद्धत स्वीकारली. तुलनेची गावे ठेवली नसती, तर मृत्युदरातील घट प्रयोगामुळे की काळाच्या ओघात झाली, हे सांगता आले नसते. जीवसांख्यिकीच्या शिक्षणाचे मर्म या एका गोष्टीत सामावलेले आहे. यापूर्वी मद्रास येथील क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५६ पासून घरी व आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांची अशीच यादृच्छिक तुलना करून घरचा औषधोपचारही तितकाच परिणामकारक असतो, असे सिद्ध केले होते. ज्या देशात आरोग्यधामातील खाटा रुग्णसंख्येच्या मानाने नगण्य होत्या, तेथे या निष्कर्षाचे मोल मोठे होते.

अलीकडील प्रवेशपद्धती : जानेवारी २००५ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन परदेशाबरोबरच त्याच टप्प्याच्या चाचण्या भारतात घेण्यास परवानगी मिळाली. २००७ मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली व २००९ मध्ये तीत नोंद करणे सक्तीचे झाले. यामुळे मुंबई, पुणे, हैदराबाद व बंगळूर येथे जीवसांख्यिकीतज्ज्ञांना खासगी क्षेत्रात नोकऱ्या मिळू लागल्या व या शिक्षणाकडे ओढा वाढला.

भारतात या विषयाकडे जाण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. विद्यापीठातून सांख्यिकीची एम्. एस्‌सी. करून जीवसांख्यिकीचे ऐच्छिक विषय घेणे हा पहिला व सर्वांत स्वस्त मार्ग. वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था अशा ठिकाणच्या खास जीवसांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश घेणे हा दुसरा. भारतीय सांख्यिकीय संस्थेची प्रवेशपरीक्षा किंवा भारतीय तंत्रज्ञान संस्थांची गणितीय सांख्यिकीची सामाईक परीक्षा देऊन सांख्यिकीचा पाया पक्का करणे व संशोधनाच्या वेळी वैद्यकाकडे वळणे हा तिसरा. तिन्हींत पदवीला गणित वा सांख्यिकी असण्याची अट कमीअधिक प्रमाणात असते.

परदेशी, विशेषतः अमेरिकी, विद्यापीठांच्या अर्जाचे स्वरूप निराळे असते. तेथे गुणपत्रिका, बहुधा तीन शिफारसपत्रे, अर्जदाराचे हेतुनिवेदन व इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागविला जातो. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा १९६४ पासून घेतली जाते. जी. आर. ई. ही सर्वसाधारण पात्रतेची परीक्षा दीर्घकाळ अनिवार्य होती. मात्र २०२० मधील महासाथीनंतर अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा वगळली. कलनशास्त्राचे सर्व भाग, विशेषतः बहुचलीय कलन, तसेच रैखिक बीजगणित हे विषय झालेले असावेत, अशी अपेक्षा बहुतेक विभाग ठेवतात. वास्तव विश्लेषणाचा अभ्यास पीएच्. डी. च्या अर्जदारास उपकारक ठरतो. संगणकीय आज्ञावलींचा परिचय व प्रत्यक्ष आधारसामग्रीवर केलेले काम यांनाही महत्त्व असते. वैद्यक वा जीवशास्त्राचे ज्ञान नसले, तरी ते पुढे शिकविता येते. गणिताची उणीव मात्र भरून काढणे कठीण, असा या विभागांचा सर्वसाधारण दृष्टिकोन आहे. तीन वर्षांच्या भारतीय पदवीस काही विद्यापीठे पुरेशी मानीत नाहीत. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी येथील एम्. एस्‌सी. नंतरच अर्ज करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीची तरतूद असल्याने ही अडचण पुढे कमी होण्यासारखी आहे.

खर्चाच्या दृष्टीने एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत एम्. एस्. या पदवीचा खर्च बहुधा विद्यार्थ्यासच करावा लागतो. उलट पीएच्. डी. च्या विद्यार्थ्यास अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून शुल्कमाफी व निर्वाहवेतन सामान्यतः मिळते. त्यामुळे अधिक कठीण प्रवेश हाच गरीब विद्यार्थ्यास अधिक परवडणारा ठरतो, असा विरोधाभास निर्माण होतो. त्या प्रवेशाचे अर्ज बहुधा डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी आठ-नऊ महिने द्यावे लागतात व प्रत्येक अर्जास शुल्क पडते. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती देते. जे. एन्. टाटा निधी आजही कार्यरत आहे. या साहाय्यांच्या मुदती व विद्यापीठांच्या मुदती यांचा मेळ घालणे हे अर्जदाराचे एक स्वतंत्र काम होऊन बसते.

समालोचन : सुखात्मे यांच्या काळी प्रवेशास परीक्षा नव्हती, पण ओळख व पैसा लागे. आज परीक्षा व नियम जाहीर आहेत आणि माहिती कोणालाही मिळू शकते. तथापि पदवीच्या विषयांची निवड, शिफारसपत्र लिहू शकणारे अध्यापक आणि वेळापत्रकाचे भान यांच्या रूपाने जुनी विषमता काही अंशी टिकून आहे. शिफारसपत्राची प्रथा तर दोन्ही काळांत तशीच राहिली असून ज्या महाविद्यालयातून पूर्वी कोणी गेलेले नाही, तेथील अध्यापकास ते कसे लिहावे याचाही अनुभव नसतो.

मराठवाडा या शास्त्राच्या दृष्टीने दीर्घकाळ निरीक्षणाचे क्षेत्र राहिला आहे. तेथील पिके कापून तोलली जातात, बालके मोजली व वजन केली जातात, दुष्काळाची टक्केवारी काढली जाते. २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी करण्यात आली, तीत उस्मानाबादचा समावेश झाला तोही अशाच निर्देशकांच्या आधारे. या मोजणीचे अभिकल्प मात्र बहुतांशी बाहेर ठरतात. मोजणीतील चूक कोठे होते, हे शेताच्या बांधावर उभे राहिलेल्यास आधी कळते. पण ती चूक कोणत्या प्रकारची आहे व निष्कर्षावर तिचा परिणाम किती होतो, हे सिद्ध करण्यास शास्त्र लागते. लहान तुकड्याच्या सीमेवरील रोपांचा दोष सुखात्मे यांनी दाखविला, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. बेंबळीसारख्या गावातील विद्यार्थ्यांना बारावीनंतरही गणित चालू ठेवता येणे, पदवीला सांख्यिकी मिळणे आणि पदव्युत्तर प्रवेशाची माहिती वेळेवर पोहोचणे, या गोष्टींचे महत्त्व या संदर्भात आहे. त्यांतून काही नवे जीवसांख्यिकीतज्ज्ञ तर निर्माण होतीलच. शिवाय ज्या प्रदेशाविषयी आकडे काढले जातात, त्या प्रदेशातील माणसे ते आकडे तपासण्यासही समर्थ होतील.